काकाजींचा उपग्रह आणि सुकरूभाऊची नाव

अख्ख्या नागपुरात समुद्राची सगळ्यात जास्त काळजी कोणाला असेल, तर ती माझ्या ताईच्या चुलत सासऱ्यांना. नागपुरापासून समुद्र किती लांब, ते भूगोलाच्या मास्तरला विचारा. काकाजींनी स्वतः आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. पण बंगालच्या उपसागरात वारा सुटला की इकडे इतवारीच्या मागे यांचा चहा गार व्हायचा. पेपर आला की आधी हवामान. "कमी दाबाचा पट्टा" एवढे शब्द दिसले की कप खाली ठेवून म्हणायचे, "अवं, आज बोटीवाल्यांचं काही खरं नाही." काकू आतून म्हणायची, "आन् रॉकेलवाल्याचं? तो तीन दिवस झाले येऊन नाही राहिला, त्याची काळजी करा."

ताईचे चुलत सासरे हे नातं उच्चारेपर्यंत माणूस समोरून निघून जातो, म्हणून सगळे त्यांना काकाजीच म्हणत. आमचं घर उमरेडचं, त्यांचं नागपूरचं, दोन्ही विणकरांची. त्यांच्या पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग होता. जमिनीत गुडघाभर खड्डा, काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायांनी मागाच्या पट्ट्या दाबायच्या. वडील गेले, भाऊ नोकऱ्यांना लागले, काकाजी एका कचेरीत हेडक्लार्क झाले. माग विकला गेला, पण खड्डा कोणी विकत घेईना. मग काकाजींनी मागाच्या जागी एक टेबल ठोकलं, टेबलावर बिनतारी यंत्र मांडलं, आणि वडील बसायचे तसेच पाय खड्ड्यात सोडून बसले. पाय जमिनीच्या खाली, कान आभाळाच्या वर, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं कायद्याने होतं बरं का. सरकारची परीक्षा देऊन त्यांनी हौशी बिनतारीवाल्याचं लायसन काढलं होतं. ते काचेत घालून देवाच्या फोटोच्या बाजूला टांगलं होतं, आणि काकू रोज दोघांनाही फूल वाहायची, कारण मध्येच एकाला वगळलं तर काकाजी विचारत. जगभर असे हजारो वेडे आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. या वेड्यांनी मिळून चक्क एक उपग्रह बनवला होता, आणि बसच्या टपावर कोंबड्यांची डाल टाकतात तसा दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या रॉकेटवर टाकून वर पाठवला होता. खालून एका लहरीवर बोललं की तो ऐकायचा आणि तेच बोलणं दुसऱ्या लहरीवर साऱ्या मुलखावर शिंपडायचा. आपल्याच बोलण्याचा आवाज आभाळातून परत आपल्या कानात. पण हा पाहुणा नागपूरच्या आभाळात दिवसातून चार-सहा वेळाच उगवायचा, आणि फार तर वीस मिनिटांत मावळायचा. काकाजींच्या भाषेत तो "फेरा". फेऱ्यांच्या वेळा लिहिलेली एक जाड वही होती, आणि काकाजींचं जेवण, अंघोळ, झोप, मुलांच्या सोयरिकी, सगळं त्या वहीला विचारून व्हायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ताईच्या लग्नात, आमच्या उमरेडला. मुहूर्त दहा बेचाळीसचा. नवऱ्या मुलाचे काका कुठं दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तर ते शेजारच्या शाळेच्या गच्चीवर. हातात इतवारीच्या भांडेगल्लीतून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या सळ्यांचं एरियल, भल्यामोठ्या माशाचा काटा असावा तसं. भटजींना त्यांनी आदल्या दिवशीच गाठलं होतं. "भटजी, तुमचा मुहूर्त पाच मिनिटं अलीकडं घेता येईन का? माझा सरकत नाही."

भटजी म्हणाले, "अहो काकाजी, हा ग्रहांचा मुहूर्त आहे!"

"माझा बी तिथलाच हाय. तुमचे मोठे, माझा लहान, एवढंच."

शेवटी तडजोड झाली. लग्न खाली, काकाजी वर. गळ्यात यंत्र, उजव्या हातात एरियल, डाव्या हातात अक्षता. प्रत्येक मंगलाष्टकाला ते गच्चीवरून मूठभर तांदूळ सोडायचे, ते पडायचे आचाऱ्याच्या डोक्यात. आणि "सावधान" झालं त्याच क्षणी ते वरून ओरडले, "सिलोन लागलं! सिलोनवाला म्हणते, नवरा-नवरीले शुभेच्छा!" माझ्या ताईच्या लग्नाला परदेशी पाहुणा आला तो असा.

मी तेव्हा नुकताच नागपूरच्या सदर भागात एका टायरच्या दुकानात लागलो होतो आणि रविवारी ताईकडे जेवायला जायचो. टायरवर काही माझं मन नव्हतं. माझा खरा धंदा नकलांचा. उमरेडच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती आणि अर्धी शाळा घरी गेली होती. काकाजींसमोर मी पहिली नक्कल केली ती त्यांच्याच मोठ्या भावाची. पोट धरून हसले, डोळे पुसले आणि गंभीर होऊन म्हणाले, "स्पष्टता पाच, ताकद नऊ, अक्कल दोन." बिनतारीवर समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यात सांगायची पद्धत असते, स्पष्टतेला पाचपैकी आणि ताकदीला नऊपैकी. काकाजी मात्र जगातल्या सगळ्याच आवाजांना हे आकडे द्यायचे. माझी भाची जन्मली तेव्हा दवाखान्यात पाळण्याजवळ उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "पाच-नऊ! पोरगी एकदम साफ येऊन राहिली." आणि मला ते त्या पहिल्या नकलेपासून नकल्या म्हणायला लागले.

बिनतारीवर एका वेळी एकानेच बोलायचं, आणि आपलं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. ही शिस्त त्यांना घरात पण पाहिजे होती. काकू स्वयंपाकघरातून विचारायची, "भाजी कोणती करू?" इकडे शांतता. काकू परत, "अहो, भाजी?" शांतता. मग ती पळी घेऊन बाहेर यायची. "मी बोलून राहिली ना! बहिरे झाले का?"

"तू ओव्हर कुठं म्हटलं? मले काय माहीत तुझं संपलं का नाही ते."

"माझं पंचवीस वर्षांत नाही संपलं, आज संपते का?"

"मंग मी कसा बोलू वं? मधात बोललं त दोघांचंबी वाया जाते!"

आणि अक्षरं. बिनतारीवर नाव सांगताना प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडतात, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. काकाजींनी मराठीसाठी आपली यादी केली होती, सगळी जिल्ह्यातल्या गावांची. क काटोलचा, र रामटेकचा, स सावनेरचा, उ उमरेडचा, म मौद्याचा. टेलिफोनवर एखाद्याचं नाव सांगायचे तर ऐकणाऱ्याला वाटायचं एसटीचा कंडक्टर ओरडून राहिला. यात एकदा मोठा प्रसंग झाला. त्यांचे एक व्याही कळमेश्वरचे. त्यांना कळलं की "क" काटोलला दिला. गृहस्थ जेवणाच्या पाटावरून उठले. "कळमेश्वर काय मेलं का गा?" काकाजींनी दोन दिवस विचार केला आणि पत्राने निकाल कळवला: सोमवार ते बुधवार क काटोलचा, गुरुवारपासून कळमेश्वरचा, रविवारी दोघांनाही सुट्टी.

पत्रं म्हणजे तर विचारू नका. दूरदेशी कोणाशी बोलणं झालं की त्याला पोस्टकार्ड पाठवून "होय, आपलं बोलणं झालं" अशी पावती द्यायची रीत आहे. जपानपासून केनियापर्यंतची कार्डं त्यांच्या भिंतीवर होती. पण काकाजी ही पावती घरच्यांनाही द्यायचे. रविवारी मी त्यांच्याकडे भजी खाऊन येई, आणि बुधवारी टायरच्या दुकानात कार्ड येई: "रविवारी सायंकाळी पाच ते सात आपली भेट झाली. आवाज उत्तम. हवा दमट. उलट कार्डाची वाट पाहतो." दुकानाचे शेटजी माझ्याकडे संशयाने पाहायचे. तो माणूस दोन मैलांवर राहतो, हे त्यांना पटेचना.

तर असा हा माणूस हसण्यावारी न्यायचा, आणि मी नेतच होतो. एकदा मात्र मी विचारलं, "काकाजी, नागपुरात बसून तुम्हाला या बोटींचं एवढं काय हो?" तेव्हा ते सळ्या पुसत होते. पुसता पुसताच सांगितलं. तरुणपणी ते भंडाऱ्याकडे आत्याच्या गावी गेले असताना वैनगंगेला पूर आला. नदीच्या मधोमध एका उंचवट्यावर नाव अडकलेली, त्यावरची माणसं हात हलवून ओरडत होती. या काठाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. इकडच्यांना वाटलं, बोलावून राहिले. म्हणून दुसरी नाव गेली. तिकडचे जीव तोडून सांगत होते की येऊ नका, मधात भोवरा आहे. दुसऱ्या नावेतले दोघं परत आले नाहीत.

"आवाज होता बे," काकाजी म्हणाले. "दोन्हीकडं माणसं होती, तोंडं होती, कान होते. मधातलं तेवढं नव्हतं."

त्यानंतर मी काही दिवस त्यांची नक्कल केली नाही. काही दिवसच.

पुरातून सुटका करणाऱ्या सरकारी नावांवर उपग्रहाची यंत्रं बसवावीत, असे अर्ज काकाजी दर उन्हाळ्यात करत. पुरात तारेचे खांब पडतात, साधं यंत्र टेकाडाच्या पलीकडे जात नाही, पण उपग्रह वरून पाहतो, त्याला टेकाड काय आणि जंगल काय. कचेऱ्यांमधले लोक हसायचे. एकजण म्हणाला, "काकाजी, दिवसातून वीस-वीस मिनिटं? पूर काय तुमची वही पाहून येईल का?"

"उमरेडले आधी दिवसातून एकच बस होती," काकाजी म्हणाले. "म्हणून लोकांनी उमरेडले जाणं बंद केलं का? आज एक हाय, उद्या दहा राहतीन. रस्ता त पाडून ठेवा!"

असं करत करत पुराचं काम पाहणाऱ्या एका मोठ्या साहेबांनी एकदाचं हो म्हटलं. मे महिना होता. फुटाळ्याच्या तलावावर प्रयोग करून दाखवा, पटलं तर पावसाळ्याआधी चार नावांवर यंत्रं लावू. काकाजींनी दिल्लीला लिहून त्या एका दिवसाची खास परवानगी आणली, नावेतल्या आणि काठावरच्या माणसांना बोलता यावं म्हणून. वैनगंगेवरून ट्रकमध्ये घालून एक सरकारी नाव आली, नावेसोबत तिचा नावाडी सुकरूभाऊ आला. हा ढीवर माणूस, पिढीजात मासेमार, पन्नाशीचा, दर पावसाळ्यात खरोखर पुरात जाऊन छपरावरची माणसं उतरवणारा. बोलायचा फार कमी. काकाजींनी यंत्राबद्दल त्याला अर्धा तास समजावलं, त्याने शेवटी एवढंच विचारलं, "भिजलं त चालते का?"

फेरा दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होणार, साडेदहाला संपणार. साहेबांना दहाची वेळ दिली होती. काकाजी स्वतः नावेत. पोहता येत नाही, म्हणून मी दुकानातून ट्रकची ट्यूब आणून त्यांच्या कमरेभोवती घातली होती. डोक्याला काळी टोपी, कमरेला ट्यूब, एका हातात एरियल, दुसऱ्या हातात माईक. मी काठावर झाडाखाली, टेबल, दुसरं यंत्र, मोठा भोंगा आणि फिरवायचं दुसरं एरियल घेऊन. दहा दहाला उपग्रह उगवला. काय सांगू! दोनशे फुटांवर बसलेल्या काकाजींचा आवाज आभाळात जाऊन भोंग्यातून खाली पडला. "नाव बोलून राहिली, काठ ऐकून राहिला का? ओव्हर." मी म्हटलं, "काठ ऐकून राहिला, पाच-नऊ, ओव्हर." फक्त ते पाहायला साहेब नव्हते. होता एक म्हैस धुणारा. तो बराच वेळ पाहून म्हणाला, "काहून गा, एवढ्या जागी बोलाले आभाळात कायले जाता? हाक मारा ना."

"हाक वैनगंगेवर पोचत नाही!" काकाजी नावेतून ओरडले. यंत्राशिवाय ओरडले, आणि ते स्वच्छ पोचलं.

वीस मिनिटं गेली. भोंग्यातला आवाज बारीक खरखरीत झाला, मग नुसती खरखर. उपग्रह मावळला. आणि पावणेअकराला साहेबांची जीप आली.

साहेब घाईत होते. "हं, दाखवा पटकन." मी तलावाकडे पाहिलं. नावेत काकाजी एरियल खाली धरून उभे, ट्यूबमध्ये. त्यांची सारी वर्षं त्या ट्यूबमध्ये उभी होती. पुढचा फेरा बारा वाजून पाच मिनिटांनी, आणि साहेब काही पंधरा मिनिटं थांबायचे नाहीत. मग मी जे करायला नको होतं ते केलं. भोंगा मोठा होता, मी त्याच्यामागे वाकलो, जणू बटण पिळतोय, आणि काकाजींचा आवाज काढला. नुसता काकाजींचा नाही, उपग्रहातून आलेल्या काकाजींचा. मागे खरखर, मध्येच बारीक, मध्येच जाड.

"खर्रर्र... काठ, काठ, नाव बोलून राहिली. छपरावर पाच माणसं, दोन बकऱ्या. एक म्हातारी उतराले तयार नाही. ओव्हर."

साहेब एकदम पुढे झुकले. "वा! किती स्वच्छ! विचारा, म्हातारी का तयार नाही?"

मी माईक धरून विचारलं, मग वाकून उत्तर दिलं. "म्हातारी म्हणते, आधी माझ्या बकऱ्या घ्या. ओव्हर."

साहेब खो खो हसले. तिकडे नावेत काकाजींना कळेना की चाललंय काय. उपग्रह तर गेलेला, यंत्र मुकं, आणि काठावर साहेब हसतायत. ते दोन्ही हात जोरजोरात हलवून नाही, नाही करू लागले. साहेब म्हणाले, "पाहा पाहा, या वयात माणूस अभिनय काय करतो!" त्यांनी फाईल मागवली, पेनाचं टोपण काढलं. "पावसाळ्याच्या आत चार नावांवर बसवून टाकू."

तेवढ्यात सुकरूभाऊने नाव काठाला लावली. काकाजी चिखलात उतरले, ट्यूबसकट. साहेबांनी हात पुढे केला. "अभिनंदन! आवाज अगदी शेजारून आल्यासारखा."

काकाजींनी हात हातात घेतला नाही. म्हणाले, "साहेब, उपग्रह साडेदहालेच मावळला. आता त्याच्यातून काहीच येऊ शकत नाही."

साहेबांचं पेन हवेतच. "मग आत्ता बोललं ते कोण?"

मी भोंग्यामागून उभा राहिलो. "मी, साहेब."

"आणि म्हातारी?"

"ती पण मीच."

म्हैसवाला तेवढा हसला. काकाजी म्हणाले, "यंत्र चालते, साहेब. पोट्ट्यानं केलं ते खोटं हाय, पण यंत्र खरं हाय. बारा वाजून पाच मिनिटांनी परत दाखवतो. थांबता का?" साहेबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेनाला टोपण घातलं. "पाहू पुढे," म्हणाले. जीप गेली. धुरळा खाली बसला तरी आम्ही तिघं तसेच उभे.

मी मार खायच्या तयारीत होतो. काकाजींनी आधी ट्यूब काढायला लावली. मग टेबलावर बसून म्हणाले, "नक्कल चांगली केली. खरखर त एकदम बरोबर. पण उपग्रह पळत राहते म्हणून आवाज हळूहळू एका बाजूले सरकते, तो जिकडं सरकाले पाहिजे त्याच्या उलटा सरकवला तू."

"काकाजी, ते सही करत होते. तुम्ही चूप राहिले असते तर..."

"त चार नावांवर यंत्र लागलं असतं. आन् पुरात गेलेला माणूस बटण दाबून बसला असता, वाट पाहत. आज फेरा नव्हता तरी आवाज आला म्हणून साहेबानं पाहिलं ना? मंग त्याले वाटन हे कधीबी चालते. तो या सुकरूले भलत्या वेळी पाठवीन पाण्यात." मग हळूच म्हणाले, "तिकडं तू थोडाच राहशीन भोंग्यामागं?"

मी भोंग्यावरचा धुरळा पुसायला लागलो. सुकरूभाऊ नावेच्या काठावर बसून सगळं ऐकत होता. त्याने बिडी पेटवली आणि विचारलं, "बारा-पाचले येतेच ना तो?"

"येतेच."

"मंग मी हाओ."

आम्ही थांबलो. ताईने दिलेल्या पोळ्या तिघांत खाल्ल्या. बाराला काकाजी पुन्हा नावेत चढायला लागले, तर सुकरूभाऊ म्हणाला, "तुम्ही राहा काठावर. मी बोलतो. पुरात मलेच जाणं हाय." काकाजींनी त्याला परवानगीचा कागद दाखवला, मग माईक दिला. बारा वाजून सहा मिनिटांनी भोंगा जिवंत झाला. सुकरूभाऊला माईकची ओळख नव्हती, तो नदीपलीकडे हाक मारावी तसा ओरडला, "ओ! कोणी हाय का?" आणि ते वर जाऊन खाली आलं. स्वतःचीच हाक आभाळातून ऐकून तो गडी नावेत खालीच बसला. एवढ्यात भोंग्यातून दुसराच आवाज आला, इंग्रजीत, लांबचा, गंजलेला. कुठल्याशा मालवाहू बोटीवरचा हौशी बिनतारीवाला, सिलोनच्या खाली कुठंतरी. काकाजींनी मराठीत सांगितलं, "सुकरू, तो विचारते, तुम्ही कोण, कुठं हाय?"

सुकरूभाऊने आधी सगळीकडे पाहिलं, तलाव, म्हैस, आम्ही. मग म्हणाला, "सांगा त्याले, पाण्यावर हाओ."

काकाजींनी सांगितलं. थोडी खरखर झाली. उत्तर आलं. काकाजी म्हणाले, "तो म्हणते, मी बी."

त्या पावसाळ्यात नावांवर यंत्रं लागली नाहीत. वैनगंगेला पूर मात्र आला, आणि सुकरूभाऊ मोकळ्या हाताने त्यात गेला. ते चार दिवस काकाजींनी कचेरीतून रजा घेतली आणि एक फेरा सोडला नाही. त्या नावेत यंत्र नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. काकू म्हणाली, "मंग ऐकून कोणाले राहिले?" ते म्हणाले, "बसतो ना वं." काकू "ओव्हर" न म्हणता चहा ठेवून गेली.

पूर ओसरल्यावर सुकरूभाऊ नागपूरला आला, मासे घेऊन. सात माणसं आणली होती त्याने, एक खेप राहिली होती. टेकाडाच्या पलीकडच्या चौघांना न्यायला दुसरी नाव पाहिजे होती, ते सांगायला त्यालाच परत यावं लागलं. चौघंही वाचले, पण एक रात्र झाडावर काढून. "दुपारी बारा-साडेबाराचा टाइम होता," तो म्हणाला. "मले वाटलं तो वर असन." काकाजींनी वही काढली, पान शोधलं, बोट ठेवलं. "होता. बरोबर तुझ्या डोक्यावर." मग कोरा कागद ओढून त्यांनी तिथेच नवा अर्ज लिहिला. या वेळी त्यात पहिली सही सुकरूभाऊची.

मंजुरी आली, पण दोन वर्षांनी. एका नावेसाठी, प्रायोगिक. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात उपग्रह मुका झाला. त्याच्या पोटातली बॅटरी गेली म्हणतात. काकाजी दहा दिवस गच्चीवर उभे राहिले, वहीतल्या प्रत्येक वेळेला. काही नाही. मी म्हटलं, "काकाजी, मंजुरी आली आहे तर यंत्र लावून तर टाका. नंतरचं नंतर." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मी गपचूप शाई आणून दिली. त्यांनी साहेबांना लिहिलं: उपग्रह बंद पडला आहे, सबब यंत्र तूर्त नावेवर बसवू नये, कोणीही त्यावर भरवसा ठेवू नये, दुसरा सुटताच कळवीन, मंजुरी तेवढी राखून ठेवावी. ते पत्र मीच टाकलं, सदरच्या पोस्टात. पेटीत सोडताना वाटलं, हा कागद मिळवायला या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

सुकरूभाऊला ही बातमी सांगायला आम्ही दोघं बसने भंडाऱ्याकडे गेलो. तो काठावर नाव पालथी घालून तिला डांबर लावत होता. काकाजींनी सगळं सांगितलं, बॅटरीचंही. त्याने ऐकून घेतलं. ब्रश डब्यात ठेवला, वर पाहिलं. स्वच्छ, पांढरं ऊन.

"मंग पडला का तो खाली?"

"नाही गा. फिरून राहिला अजून. रोज जाते आपल्यावरून. बोलत नाही फक्त."

सुकरूभाऊने ब्रश परत उचलला.

"फिरू द्या मंग," तो म्हणाला. "आपण तरी कुठं रोज बोलतो."

काकाजी हसले. मग चपला काढून त्याच्या शेजारी वाळूत बसले, आणि बस सुटायची वेळ होईपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत.